हिरा, मोइसॅनाइट आणि नऊ व्होल्टची बॅटरी

सुरतेच्या महिधरपुरा भागातील हिरेबाजार रस्त्यावरच भरतो. दुकानांच्या पायऱ्यांवर, उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर, गल्लीच्या कडेला कागदी पुड्या उघडतात, चिमट्याने खडा उचलला जातो, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लागते आणि सौदा ठरतो किंवा पुडी पुन्हा मिटते. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ याच शहरात घडतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी शहराच्या खजोद भागात सुरत डायमंड बोर्सच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले, तरी जुना रस्त्यावरचा बाजार उठलेला नाही. या बाजारात भिंगाच्या जोडीला आता जाडसर पेनाएवढे एक यंत्रही दिसते. त्याचे धातूचे टोक खड्याला टेकवले की दिवा लागतो, कधी शिटी वाजते, आणि समोरचा खडा हिरा आहे की मोइसॅनाइट याचा कौल मिळतो. गोव्यातील सराफाच्या पेढीवर हिऱ्याची कुडी किंवा अंगठी घेताना ग्राहकाच्या समोर ठेवले जाते, तेही बहुधा अशाच जातीचे यंत्र.

या यंत्राच्या पोटात एक लहानशी युक्ती दडलेली असते. बॅटरी लहान आणि तिचा विद्युतदाब तुटपुंजा. खड्याची परीक्षा घ्यायला मात्र त्याहून बराच जास्त दाब लागतो. कमी दाबातून जास्त दाब मिळवण्याची ही विद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. ५५५ नावाच्या दहा-पंधरा रुपयांच्या चिपवर ती अर्ध्या तासात करून पाहता येते. ती समजली की यंत्राच्या उत्तरावर कधी विश्वास ठेवावा आणि कधी ठेवू नये, हेही आपोआप उमगते.

आधी खड्यांविषयी. पूर्वी हिऱ्याची नक्कल म्हणून काच, पुखराज आणि १९७६ नंतर क्युबिक झिर्कोनिया बाजारात आला. त्यांना पकडणे सोपे होते. हिरा उष्णता ज्या वेगाने वाहून नेतो, त्या वेगाने दुसरा कोणताही खडा नेत नाही. तांब्यापेक्षाही हिरा या बाबतीत चार-पाच पटींनी सरस आहे. म्हणून तापवलेले बारीक टोक खड्याला लावायचे आणि ते किती झपाट्याने थंड होते हे मोजायचे, एवढ्यावर काम भागत असे. क्युबिक झिर्कोनिया उष्णतेच्या बाबतीत इतका मठ्ठ आहे की चुकीला जागाच नव्हती.

१९९८ च्या सुमारास कारखान्यात तयार झालेला मोइसॅनाइट दागिन्यांत येऊ लागला आणि ही सोय संपली. मोइसॅनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांना १८९३ मध्ये अॅरिझोनातील एका उल्केच्या तुकड्यात तो सापडला, त्यावरून हे नाव पडले. उष्णता वाहण्यात तो हिऱ्याइतका तरबेज नसला तरी हिऱ्याच्या पुरेसा जवळ जातो. उष्णता मोजणारी जुनी यंत्रे त्याला सरळ हिरा ठरवू लागली. जाणकाराला भिंगातून त्याच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात, कारण मोइसॅनाइट प्रकाशाचा किरण दुभंगतो आणि हिरा तसे करत नाही. पण घाईच्या सौद्यात, लहान खड्यात किंवा कोंदणात बसवलेल्या खड्यात ही परीक्षा सर्वांना जमत नाही. सुरतेत मोइसॅनाइटला पैलू पाडण्याचे आणि तो उघडपणे त्याच नावाने विकण्याचे कामही चालते. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा तो हिऱ्याच्या पुडीत शिरतो.

मग दुसरा गुणधर्म शोधला गेला. हिरा विजेचा अवाहक आहे. सिलिकॉन कार्बाइड हा अर्धवाहक आहे. आत अडकलेल्या परक्या अणूंमुळे तो थोडी का होईना, वीज वाहतो. म्हणजे टोक टेकवा, विद्युतदाब द्या आणि प्रवाह येतो का ते पाहा. प्रवाह आला तर मोइसॅनाइट, नाही आला तर हिरा. उष्णतेच्या परीक्षेत काच आणि झिर्कोनिया आधीच गळालेले असतात, त्यामुळे दोन्ही परीक्षा एकाच पेनात बसवल्या की काम झाले, असे वाटावे.

येथे घरगुती मल्टिमीटर उपयोगी पडत नाही. रोध मोजताना तो जेमतेम एक-दोन व्होल्टचा दाब देतो. धातूचे टोक अर्धवाहकाला नुसते स्पर्श करते तेव्हा त्या जागी विजेला अडवणारा एक उंबरठा तयार होतो, आणि सिलिकॉन कार्बाइडच्या बाबतीत तो चांगलाच उंच असतो. तो ओलांडण्यासाठी दाबच वाढवावा लागतो. याची पहिली चुणूक फार पूर्वी मिळाली होती. १९०७ मध्ये मार्कोनी कंपनीत काम करणारे हेन्री राउंड हे याच पदार्थाच्या खड्यांवर विजेची टोके टेकवून पाहत होते. दहा व्होल्टला एखाददुसरा खडा पिवळसर प्रकाश देई. ११० व्होल्ट दिल्यावर मात्र बरेच खडे उजळू लागले. आजच्या एलईडीची ती पहिली नोंद. खडा तोच, फक्त दाब वाढल्यावर तो बोलू लागला, एवढे येथे लक्षात ठेवायचे.

आता नऊ व्होल्टच्या बॅटरीतून तीस-पस्तीस व्होल्ट कसे काढायचे? घरातल्या विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने कमी-जास्त होतो. पण ट्रान्सफॉर्मरला सतत पालटणारी वीज लागते आणि बॅटरीची वीज एकाच दिशेने, शांतपणे वाहते. तिला आधी हलवावे लागते. एकदा ती खालीवर होऊ लागली, की ट्रान्सफॉर्मर किंवा कॉइल नसतानाही, केवळ कपॅसिटर आणि डायोड यांच्या साहाय्याने दाब चढवता येतो. या रचनेला चार्ज पंप म्हणतात, आणि ते नाव समर्पक आहे.

विहिरीवरून माळ्यावरच्या टाकीत पाणी चढवायचे आहे, पण हाताशी फक्त एक बादली आणि एक माणूस आहे अशी कल्पना करावी. बादली खाली असताना भरते. मग ती भरलेलीच वर उचलली जाते आणि टाकीत रिकामी होते. पाणी परत विहिरीत पडू नये म्हणून मध्ये झडप हवी. येथे बादली म्हणजे कपॅसिटर, झडप म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा डायोड, आणि बादली खालीवर करणारा माणूस म्हणजे ५५५ ची चिप. कपॅसिटरचे एक टोक चिपच्या हाती असते. चिप ते टोक शून्यावर धरते तेव्हा दुसऱ्या टोकाकडून बॅटरी त्याला सुमारे साडेआठ व्होल्टपर्यंत भरते. पुढच्या क्षणी चिप तेच टोक सात-साडेसात व्होल्टवर उचलते. भरलेला कपॅसिटर आपला साठा सोडत नाही, त्यामुळे त्याचे दुसरे टोक दोन्हींच्या बेरजेइतके, म्हणजे सोळाच्या आसपास चढते, आणि पुढच्या डायोडमधून ती वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ओतली जाते. हे सेकंदाला हजारो वेळा घडते.

ही युक्ती चिपच्या कितीतरी आधीची आहे. स्वित्झर्लंडचे हाइनरिश ग्राइनाखर यांना १९१३ मध्ये किरणोत्सार मोजण्याच्या आपल्या उपकरणासाठी दोनशे-तीनशे व्होल्ट हवे होते आणि झ्युरिकच्या वीजकेंद्राकडून मिळत होते ११०. त्यांनी डायोड-कपॅसिटरची जोडी लावून दाब दुप्पट केला, पुढे जोड्यांवर जोड्या रचून तो अनेक पट केला. याच शिडीवर चढून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिजला लक्षावधी व्होल्टच्या दाबाने प्रोटॉन पिटाळून लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल मिळाले. योगायोग असा की ५५५ ची चिप रचणारे हान्स कॅमेनझिंडही जन्माने स्विसच. १९७१ मध्ये अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीसाठी त्यांनी ती आखली आणि १९७२ मध्ये ती विक्रीस आली. आत पाच हजार ओहमचे तीन रोध आहेत म्हणून ५५५, अशी दंतकथा आजही वर्गांत सांगितली जाते. कॅमेनझिंड यांच्या सांगण्यानुसार मात्र तो आकडा कंपनीच्या विक्री विभागाने सहज निवडला होता.

ते तीन रोध आहेत हे मात्र खरे, आणि चिपचे सारे काम त्यांच्यावरच चालते. ते बॅटरीच्या दाबाचे तीन समान भाग करतात. बाहेर जोडलेला एक लहान कपॅसिटर भरत भरत दोन-तृतीयांशावर पोचला की चिप आपले निर्गम टोक खाली आणते आणि त्या कपॅसिटरला रिकामे करू लागते. तो एक-तृतीयांशावर उतरला की टोक पुन्हा वर जाते. बॅटरी उतरली तरी भाग प्रमाणातच राहतात, म्हणून झोक्याची गती जवळपास तीच राहते. पन्नास वर्षे ही चिप टिकून राहिली, त्याचे एक मोठे कारण हे प्रमाण आहे.

प्रत्यक्ष जोडणी ब्रेडबोर्डवर करावी. चिपला आठ पाय असतात. खाचेची बाजू वर ठेवली की डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८. पहिला पाय बॅटरीच्या ऋण टोकाला, आठवा आणि चौथा धन टोकाला. आठव्या आणि सातव्यामध्ये एक किलोओहम, सातव्या आणि सहाव्यामध्ये दहा किलोओहमचा रोध. दुसरा आणि सहावा पाय एकमेकांना जोडून तेथून ऋण टोकापर्यंत दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पाचव्या पायापासून ऋण टोकापर्यंत तसाच आणखी एक. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये, चिपच्या अगदी जवळ, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नये. निर्गम टोक पालटताना ही चिप क्षणभर मोठा प्रवाह ओढते आणि तो तिला जवळूनच मिळावा लागतो. या मूल्यांना झोक्याची वारंवारता सेकंदाला सुमारे ६,९०० येते.

पंपाचा भाग तिसऱ्या पायापासून सुरू होतो. दहा मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे ऋण टोक तिसऱ्या पायाला. त्याच्या धन टोकाकडे बॅटरीच्या धन टोकाकडून एक डायोड येतो आणि तेथूनच दुसरा डायोड पुढे जातो; दोघांचेही पट्टे पुढच्या दिशेला. दुसऱ्या डायोडच्या शेवटी आणखी एक दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ऋण टोक जमिनीला. ४१४८ क्रमांकाचे साधे डायोड पुरतात. कपॅसिटर ५० व्होल्टचे घ्यावेत. शेवटच्या टोकावर मल्टिमीटर १५ ते १६ व्होल्ट दाखवील. नऊची दुप्पट अठरा, मग उरलेले दोन-तीन व्होल्ट कोठे गेले? चिपचे निर्गम टोक बॅटरीच्या पूर्ण दाबापर्यंत पोचत नाही, आणि प्रत्येक डायोड अर्धा-पाऊण व्होल्टचा टोल घेतो. हिशेब जुळतो.

आकडा सोळाऐवजी आठच्या आसपास दिसला तर पंप हलतच नाही असे समजावे. दोन डायोडांतून बॅटरीची वीज नुसती झिरपत असते. अशा वेळी तिसऱ्या पायावर मीटर लावावा. तेथे चारच्या आसपास आकडा आला, म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबाची सरासरी, तर चिप झोके घेते आहे आणि दोष पंपाच्या जोडणीत आहे. बहुतेक वेळा उलटा बसलेला डायोड. तेथे शून्य किंवा साडेसात दिसले तर चौथा पाय किंवा दुसऱ्या-सहाव्याची जोड तपासावी.

याच रचनेवर डायोड-कपॅसिटरच्या आणखी जोड्या शिडीसारख्या चढवता येतात. पुढच्या जोडीचा पहिला कपॅसिटर आधीच्या उसळत्या टोकावर उभा राहतो, दुसरा आधीच्या स्थिर टोकावर. दर जोडीमागे सुमारे सहा व्होल्ट वाढतात. अशा एकूण चार जोड्यांनी ३४-३५ व्होल्ट मिळतात. तेथे थांबावे. जिज्ञासा कितीही असली तरी ही शिडी घराच्या २३० व्होल्टच्या विजेवर कधीही रचू नये. तेथे हाच खेळ प्राणघातक आहे. कॉइल वापरून दाब एका झटक्यात शेकडो व्होल्टवर नेणारे सर्किटही ५५५ वर होते, पण त्यावर भार नसेल तर दाब कोठे थांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून शिकणाऱ्याने आधी ही शिडीच चढावी.

शिडीला एक किंमत आहे. दाब वाढला म्हणून ऊर्जा वाढत नाही. पहिल्या जोडीच्या टोकावरून दहा मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर बॅटरीला त्यासाठी वीस द्यावे लागतात, शिवाय चिपचे स्वतःचे सहा-सात. जोड्या वाढतील तसा हा भार आणखी चढतो, आणि प्रवाह ओढताच टोकावरचा दाब कोसळतो; ही घसरण जवळपास जोड्यांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जोड्या दुप्पट केल्या तर घसरण सुमारे आठपट. म्हणून अशा पंपावर मोटर चालत नाही, मोबाइलही नीट भरत नाही. ‘बॅटरीची शक्ती दुप्पट करणारे सर्किट’ अशा मथळ्याचे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्यांत शक्तीचा आणि दाबाचा घोळ केलेला असतो.

खडा तपासताना मात्र हा दुबळेपणा आड येत नाही, उलट तो गुण ठरतो. तेथे दाब हवा, प्रवाह नको. मोइसॅनाइटमधून जाणारा प्रवाह अगदी सूक्ष्म असतो, आणि अनेक यंत्रांत तो परीक्षकाच्याच बोटांतून, पेनाच्या मागच्या धातूच्या पट्टीमार्गे परत जातो. तो सूक्ष्मच असायला हवा. वेगवेगळे कारखाने दाब चढवण्यासाठी वेगवेगळ्या रचना वापरतात, कोणी कॉइल घालतो, कोणी याहून आधुनिक चिप. तत्त्व तेच राहते. ब्रेडबोर्डवरचा हा पंप म्हणजे खड्याची परीक्षा घेणारे यंत्र नव्हे. ते यंत्र काय करू पाहते, ते दाखवणारी ती मांडणी आहे.

आता यंत्राच्या उत्तराकडे पुन्हा पाहावे. विजेच्या परीक्षेत ‘मोइसॅनाइट’ हे उत्तर प्रवाह आल्यामुळे मिळते. ‘हिरा’ हे उत्तर प्रवाह न आल्यामुळे. पहिले उत्तर काहीतरी घडल्याचा पुरावा आहे, दुसरे काहीच न घडल्याचा. आणि काही न घडण्याची कारणे अनेक असतात. टोकावर मळ किंवा तेल बसले. बोट पट्टीवर नीट टेकले नाही, किंवा फार कोरडे होते. अलीकडे इतका शुद्ध, पाण्यासारखा मोइसॅनाइट निघतो की तो फारच थोडी वीज वाहतो.

उलट बाजूची चूकही होते. बोरॉनचे अणू असलेला हिरा वीज वाहतो. गोवळकोंड्याच्या प्रदेशातून गेलेला आणि आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेला निळा होप हिरा या जातीचा आहे. केवळ विजेच्या परीक्षेवर सोपवला तर तो मोइसॅनाइट ठरेल. नैसर्गिक हिऱ्यांत अशी उदाहरणे दुर्मीळ असली तरी प्रचंड दाब आणि तापमानाखाली कारखान्यात घडवलेल्या हिऱ्यांत बोरॉनचा अंश राहून जातो आणि रंगहीन खडाही शिटी वाजवतो. सुरतेत प्रामुख्याने दुसऱ्या पद्धतीने, वायूतून थरावर थर साचवून हिरे वाढवले जातात. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला ७.५ कॅरटचा हिरा प्रयोगशाळेत वाढवलेलाच होता. असा खडा यंत्राखाली धरला तर ते ‘हिरा’ म्हणेल, आणि ते खरेच आहे. तो कार्बनचाच हिरा आहे. तो खाणीतला की कारखान्यातला, यावर किंमत कित्येक पटींनी बदलते, आणि या प्रश्नाचे उत्तर ना उष्णतेच्या टोकाला देता येते ना विजेच्या. त्यासाठी अतिनील प्रकाशाखालची चमक आणि खड्यातील नायट्रोजनची ठेवण तपासणारी प्रयोगशाळेतील साधने लागतात. यंत्रावर ‘हिरा’ हा दिवा लागला म्हणून नैसर्गिक हिऱ्याचा दर मोजणारा ग्राहक फसतो तो येथेच.

राहिली बॅटरी. ब्रेडबोर्डवरच्या शिडीला नव्या बॅटरीऐवजी सात व्होल्टवर उतरलेली बॅटरी लावली तर चार जोड्यांच्या टोकाला पस्तीसऐवजी पंचवीसच्या आसपास व्होल्ट मिळतात. बॅटरीत फरक दोनचा, टोकाशी दहाचा. जे यंत्र आतून दाब स्थिर ठेवत नाही, त्याचे असेच होते. दाब उंबरठ्याखाली गेला की मोइसॅनाइटमधून प्रवाह येत नाही, शिटी वाजत नाही, आणि गप्प राहिलेले यंत्र खड्याला हिरा म्हणते. बॅटरीचा इशारा देणारा दिवा असलेले यंत्र त्यामुळेच घ्यावे. आणखी साधा उपाय म्हणजे ओळखीचा, नक्की मोइसॅनाइट असलेला एक खडा जवळ ठेवणे: आधी टोक त्याला लावायचे, शिटी ऐकायची, मगच समोरच्या पुडीतील खड्याकडे वळायचे. गोव्यातील ग्राहकानेही पेढीवर तेवढे करून दाखवा असे म्हणायला हरकत नाही; त्याला दहा सेकंद लागतात.